उतारावरचा फ्रीज

एरंगळच्या उतारावर उभी असते आमची गाडी.
गाडी म्हणजे डबा. स्वतःचं इंजिन नाही तिला,
कुणीतरी ओढून न्यावं लागतं.
जहाजातून आली, न्हावाशेव्याच्या लिलावात सुटली,
शेठनं घेतली, आरसे लावले, दिवे लावले,
आणि आत मला ठेवलं.
मी चाव्या सांभाळतो, नट्यांच्या चपला सांभाळतो,
आणि एक फ्रीज, जो थंड करत नाही.

आवाजच नाही त्याला.
घरचा फ्रीज कसा रात्री मधूनच थरथरतो,
उसासतो, गप्प होतो.
हा पहिल्यापासूनच गप्प.
मालवणीचा एक मिस्त्री आला, मागं वाकला,
कॉम्प्रेसर शोधला, मिळाला नाही.
"हे कपाट आहे," म्हणाला, आणि दोनशे रुपये घेऊन गेला.
दुसरा म्हणाला गॅस भरतो.
कुठून भरायचा, ते त्यालाही सापडलं नाही.

तोवर दही आंबायचं, चॉकलेट वितळायचं,
कुणाचं काही अडत नव्हतं.

मग कुंदा कामावर परतली. केस करते ती सगळ्यांचे.
बाळ तीन महिन्यांचं, नायगावला, सासूपाशी.
"दादा, एवढं ठेवशील?"
रुमालात गुंडाळलेल्या दोन बाटल्या.
मी विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही.
संध्याकाळी तिनं बूच काढलं, वास घेतला,
आणि मेंदीच्या कुंपणापाशी जाऊन
दोन्ही बाटल्या वाळूत ओतल्या.
रडली वगैरे नाही.
"उद्यापासून बर्फ आणते," म्हणाली.

त्या रात्री मी भाटीत गेलो, इनासमामा ग्रेशसांकडे.
ऐंशी उलटलेले. एकेकाळी रॉकेलवरचे फ्रीज
दुरुस्त करत हिंडायचे, दवाखान्यांचे, लशींचे.
सकाळी आले, स्टुलावर बसले,
मागची जाळी उघडायच्या आधी परात मागितली.
परातीत पाणी. परात फ्रीजच्या तळाशी.
पाणी एका कडेला जाऊन बसलं.
"आजारी नाही रे हा. तिरका आहे."

मोटर नाहीच म्हणाले यात. खाली एक ज्योत असते.
ज्योतीवर अमोनिया उकळतो, वर चढतो,
वर निवतो, आणि आपल्याच वजनानं खाली येतो,
येता येता आतली ऊब उचलतो.
जमीन तिरकी, तर वाटेतच थबकतो बिचारा.
आगीनं गारवा होतो हे मला काही पटेना.
"तुला पटून काय करायचंय," मामा म्हणाले, "जॅक आण."

चाकाखाली फळ्या. एक, दीड, पुन्हा एक.
मग जाळी. आत कुंभारमाशीनं मातीची घरं बांधलेली,
गरम हवेला जायला वाटच नव्हती.
ती खरवडली.
तेलाच्या डब्याचा पत्रा कापून मागची पोकळी आवळली,
म्हणजे हवा आळशासारखी बाजूनं न जाता
तापलेल्या नळ्यांवरूनच चढेल.
लॅमिंग्टन रोडवरून मी दोन पंखे आणले,
जुन्या कॉम्प्युटरचे, तळहाताएवढे.
दुपारचं ऊन फ्रीजच्या भिंतीवर यायचं,
म्हणून सगळा डबाच फिरवला.
आता हिरोच्या खिडकीतून समुद्र दिसत नाही,
जनरेटर दिसतो. त्यावरून बोलणी खाल्ली.

रात्रभर ज्योतीपाशी निजलो.
निळी, करंगळीच्या नखाएवढी.
मामांनी बजावलं होतं, आदल्या रात्रीच पेटव,
आणि गच्च भरू नकोस, हवेला फिरू दे.
पहाटे काटा अकरावर. नऊवर चहा झाला.
दुपारी हिरोच्या माणसानं सोड्याचं खोकं आणलं,
मी म्हटलं जागा नाही.
चार वाजता काटा चारवर.

कुंदानं बाटली गालाला लावून बघितली,
पिशवीत टाकली, आणि बस पकडायला धावली.

परवा आम्हाला गोरेगावला हलवलं, तिथं तर चढच चढ.
मी आधी परात काढली.
लाइटवाली पोरं हसली, "कसली पूजा मांडलीस?"
पाणी थरथरलं, हळूहळू थांबत आलं,
कुंदा मागं उभी, तोंडात पिना,
पिना न काढताच म्हणाली,
"अजून जरा डावीकडं."